चौदापर्यंत माफ

त्या आठवड्यात पंधरावा माणूस मरता कामा नये, हे पुएर्तो आल्बानच्या पोलीस ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. पंधरावा माझा भाऊ होता.

मी दिल्सिया. ठाण्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी जप्त केलेल्या सायकली ठेवायचे, त्या खोलीत बसून मी नऊ वर्षं मुडदे मोजत होते. सोमवारी सकाळी शवागारातून एक यादी यायची, इस्पितळातून एक आणि खालच्या अंमलदाराकडून एक. तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एकच माणूस दोनदा मेलेला नाही ना ते बघायचं आणि आठवड्याचा आकडा लिहायचा. गोळी, कोयता, दोरी, इतर. एकदा पोत्यातून नुसतेच दोन पाय आले. याचं काय लिहू म्हणून विचारलं तर शवागाराचा डॉक्टर म्हणाला, "लिहा एक. उरलेला सापडला की तो नका लिहू." उरलेला सापडला नाही.

नाऊन माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई उत्तरेकडे कामाला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला शाळेत मी घातलं, शाळेतून काढून वेल्डिंगच्या कामाला मीच लावलं, आणि मोठा झाल्यावर ठाण्याच्या गाड्यांचे कठडे जोडायचं काम त्याला मीच मिळवून दिलं. "ताई मेलेल्यांची हजेरी घेते," असं तो लोकांना सांगायचा. "गैरहजर कुणीच नसतो." मी त्याच्या डोक्यात चापट मारायचे. मला दुसरं कुणी नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. हे शहर असं, की रोज संध्याकाळी तो घरी येऊन बूट काढेपर्यंत मी चुलीपाशी नुसती उभी असायचे.

फेब्रुवारीत राजधानीतून फर्मान आलं. नुसतं मोजून चालणार नाही, पुढच्या तीन महिन्यांत किती मरतील त्याचा अंदाजही पाठवा. एका हॉटेलात आम्हा बावीस शहरांच्या कारकुनांना बसवून, चष्मा लावलेल्या एका इंजिनिअरने दिवसभर पडद्यावर काहीतरी दाखवलं, चिकन आणि तळलेली केळी खाऊ घातली आणि जाताना दोन पानांचा कागद हातात ठेवला. त्यावर कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा होत्या. "पॅकेज फुकट आहे," तो म्हणाला. "उतरवून घ्या, जुने आकडे घाला, ते पुढचे देईल. पोरखेळ आहे."

पोरखेळाला चार दिवस लागले. आधी ते विचारायचं, कुठल्या देशातून उतरवून घेऊ? यादीत आमचा देश नव्हताच. मी चिली निवडला, कारण तिथे भूकंप सोडला तर फारसं कुणी मरत नाही असं ऐकून होते. मग पॅकेज म्हणालं, मला आधी दुसरी अकरा पॅकेजं हवीत. त्या अकरांना आणखी सहा हवी होती. लग्नाला एकाला बोलवावं आणि अख्खी गल्ली जेवायला यावी तशातली गत. ती सगळी आली, तरी शेवटी लाल अक्षरांत नकार. दोन दिवस मी त्या यंत्राला शिव्या घातल्या. मग कळलं, की कुणीतरी मोठ्या आदराने माझ्या नावाआधी 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, लावून कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं होतं, आणि आमच्या लिपीत त्या शब्दातल्या एका अक्षराच्या डोक्यावर जी लाट असते ती पॅकेजला पचत नव्हती. तो मान काढून टाकला, नुसतं दिल्सिया नावाने नवं खातं उघडलं, आणि गाडी पुढे सरकली.

साठ टक्के झालं होतं तेव्हा खाली गोळ्या वाजल्या. चार.

मी खिडकीतून पाहिलं. मोटरसायकलवरचे दोघं वळण घेऊन निघून जात होते. ठाण्याच्या दारातच बालेआदा, म्हणजे घेवडा भरलेल्या पोळ्या, विकणारी चेपिता तिच्या तव्याशेजारी पडली होती. मी जिना उतरून पोहोचले तेव्हा तिच्या गळ्यातून फसफस आवाज येत होता. कणकेच्या परातीत रक्त सांडलं होतं आणि तव्यावरची पोळी जळत होती. तिने माझा घोटा धरला. इतका घट्ट, की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. समोर अकरा पोलीस उभे होते आणि एकाने तरी मोटरसायकलचा नंबर घेतला असेल तर शपथ. चेपिता मेल्यावर मला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

वर आले तर पडद्यावर लिहिलं होतं, काम यशस्वी झालं. मी हात धुतले आणि चेपिताला त्या आठवड्याची नववी म्हणून लिहिलं.

नऊ वर्षांचे आठवडे मी एका रांगेत भरले. पवित्र आठवड्यात माझी सुट्टी असायची, तिथे दरवर्षी शून्य होतं. पॅकेज बिचारं समजलं, की येशूच्या आठवड्यात इथे कुणी कुणाला मारत नाही. तिथली शून्यं काढून मी जागा रिकाम्या ठेवल्या. मग शेवटची आज्ञा दिली आणि चित्र उमटलं. डावीकडून काळी रेघ दात विचकत येत होती, आणि ती जिथे थांबली तिथून पुढे निळा पट्टा.

कमिशनर पावोन माझ्या खुर्चीमागे उभे होते. अंगाने आडवा माणूस, मनगटावर सोन्याचं घड्याळ, आणि डोळा राजधानीतल्या खुर्चीवर.

"हे काय, समुद्र?"

"पट्टा आहे साहेब. मधली रेघ म्हणजे अंदाज. आठवड्याला दहा. पट्ट्याची खालची कड सहा, वरची चौदा. आपले जवळपास सगळे आठवडे याच्या आत पडतात."

"आणि बाहेर गेला तर?"

"पंधरा झाले, की काहीतरी वेगळंच घडतंय असं समजायचं. राजधानीतून विचारणा होईल."

पावोन साहेबांनी दात कोरत जरा विचार केला. "म्हणजे चौदापर्यंत माफ."

मी हसले. "हो, तसंच समजा."

तिथे मी हसायला नको होतं. 'साहेब, हा आकडा मेलेल्यांचा आहे, दंडाच्या पावत्यांचा नाही,' एवढं म्हणायला माझी जीभ झडली नसती. पण चार दिवस झगडून मिळवलेलं चित्र होतं ते, आणि मला कौतुक हवं होतं. कौतुक मिळालंही. साहेबांनी तो कागद मोठा छापून खालच्या दालनात लावला. रोज सकाळच्या हजेरीला अंमलदार आदल्या दिवशीपर्यंतचा आकडा ओरडून सांगू लागला आणि सगळे पट्ट्याकडे बघू लागले.

पहिले चार आठवडे नऊ, बारा, आठ, अकरा. पोलीस मला जिन्यात नमस्कार करू लागले. "ताई, आमच्या घोड्यांचंही सांगा की, कुठला जिंकेल?"

पाचव्या आठवड्यात बसस्टँडवरच्या टोळीने बाजारातल्या टोळीच्या म्होरक्याला त्याच्या लेकीच्या वाढदिवसाला मारलं. केक कापायच्या सुरीनेच मारलं, असं लोक सांगत होते. शवागारात मी त्याला पाहिला तेव्हा मानेवर साय लागलेली होती. मग रोज कुणी ना कुणी. न्हाव्याच्या खुर्चीतला एक, तोंडाला साबण तसाच. शाळेच्या भिंतीला टेकवून मारलेले तिघे भाऊ, उंचीप्रमाणे ओळीत. इतका कापाकापीचा आठवडा मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. आणि सोमवारी याद्या लावल्या तर आकडा चौदा.

सहावा आठवडा चौदा. सातवा तेरा. आठवा चौदा.

आकडे पट्ट्याच्या कडेला येऊन असे टेकले, जसं वर कुणी झाकण ठेवलंय. आकड्यांशी नऊ वर्षं संसार केलेल्या बाईला हे कळायला पॅकेज लागत नाही. आमच्याकडे रीत अशी, की मुडदा जिथून उचलला त्या गावाच्या नावावर. मारला कुठे हे कुणी विचारत नाही. आणि आमच्या शहराच्या कडेला नदी आहे, नदीवर पूल आहे, पुलापलीकडे ला सेइबिता नावाचं दुसरं गाव आहे.

तिथला न्यायालयातला म्हातारा कारकून एवेलिओकाका मला ओळखत होता. नवव्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"दिल्सियाबाई, तुमची माणसं आमच्या दारात टाकायचं बंद करा. पुलाच्या या तोंडाला चिंचेखाली दिवसाआड एक असतो. कुत्री आता तिथेच मुक्कामाला आहेत."

"मी काय करू काका? मी फक्त मोजते."

"मग मोजा ना!" म्हातारा ओरडला. "तेवढं तरी करा!" आणि त्याने फोन आपटला.

मी नाही मोजलं. मी कानांवर हात ठेवले. माझी नोकरी होती, नाऊनचं काम त्याच ठाण्यात होतं, आणि मेलेल्याला नदीचा कुठला काठ ते काय कळतं, असं मी स्वतःला समजावलं. पुलापलीकडे फक्त मेलेलेच नेतात, हे मी धरून चालले होते.

तिमाहीचा शेवटचा रविवार. सकाळपर्यंत चौदा झाले होते. दुपारी दोन वाजता शेजारच्या मिर्नाचा फोन आला. ती नुसतीच किंचाळत होती. विटांच्या कारखान्यामागच्या मैदानावर सामना चालला होता. नाऊन गोलात उभा. मेनोर नावाच्या, बाजारात मासे कापणाऱ्या माणसाने मारलेला चेंडू नाऊनने रेघेवर अडवला. मेनोर म्हणाला, आत गेला होता. नाऊन म्हणाला, डोळे तपास. सगळे हसले. मेनोर शांतपणे झाडाखाली गेला, पिशवीतून पिस्तूल काढलं, परत आला आणि नाऊनच्या पोटात दोन आणि मांडीत एक गोळी घातली. एका चेंडूपायी.

"मेनोर पळाला, पण पोलिसांची गाडी तिथेच होती," मिर्ना म्हणाली. "लगेच उचलला त्याला. बोलत होता गं. जा तू इस्पितळात, वाचेल तो."

मैदानापासून इस्पितळ सात मिनिटं. मी रिक्षाने पोहोचले तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. दारातल्या नर्सने वही चाळली, आतल्या दोघींना विचारलं. "पोलिसांनी आज दुपारी कुणालाच आणलेलं नाही."

मला समजलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुलावर घे," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

"पुलापलीकडे? नाही हां ताई. तिकडची टोळी वेगळी. रिक्षाचा रंग बघूनच गोळी घालतात."

"मग पुलापर्यंत घे, भेकडा!"

पुलाच्या तोंडाशी त्याने मला सोडलं आणि मी धावले. एकेचाळीस वर्षांची बाई, चपला हातात, तापलेल्या लोखंडी पत्र्यांवरून. पलीकडे चिंचेखाली आमच्या ठाण्याची पिकअप उभी होती, मागची फळी खाली पाडलेली. फळीवर सार्जंट आर्गेता बसला होता, पाय हलवत, मीठ-मिरची लावून संत्रं खात. त्याच्या मागे, नाऊननेच वेल्डिंग केलेल्या कठड्याच्या आत, नाऊन.

तो जिवंत होता. ओठांवर माश्या होत्या. दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं होतं आणि बोटांमधून रक्त दाट येत होतं. त्याने मला ओळखलं.

"ताई," तो म्हणाला, "चेंडू आत गेला नव्हता."

आर्गेता खाली उतरला. "दिल्सियाताई? हा तुमचा कोण?"

"भाऊ."

त्याने टोपी काढली. खरोखर काढली. "आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. धुळीने-रक्ताने माखलाय, चेहरा कुठे ओळखू येतोय. पण ऐका ना ताई, तसाही तो वाचत नाही, पोटात दोन आहेत. आणि चौदा झालेत. इस्पितळात नेला आणि तिथे गेला तर पंधरा. साहेब आमची सालटी काढतील. चौदाच्या वर नको, हे तुम्हीच सांगितलंय ना साहेबांना?"

"गाडी वळव."

"थांबा, साहेबांना विचारतो." आणि तो वायरलेस घ्यायला वळला.

फळीवर चाकाचा पान्हा पडलेला होता. मी तो उचलला आणि आर्गेताच्या तोंडावर मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो गुडघ्यावर आला, हात वर केले, तर मी हातांवर मारला, मग पुन्हा तोंडावर. त्याचे दोन दात संत्र्याच्या सालींत पडले. मला थांबायचंच नव्हतं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांनी फोडलेली डोकी लिहीत होते. आपल्या हाताने फोडताना किती बरं वाटतं ते त्या दिवशी कळलं, आणि कळलं याची मला आजही लाज वाटते.

स्टिअरिंगमागे बसलेल्या किकेने दोन्ही हात वर केले होते. "मारू नका ताई, मी फक्त ड्रायव्हर."

"मग चालव! नाहीतर तुझंही तोंड असंच करते!"

आर्गेताला तिथेच लोळत टाकून आम्ही निघालो. मी मागे नाऊनचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पत्र्यांच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उडायची आणि प्रत्येक वेळी तो लहानपणी दात दुखायचा तेव्हासारखा कण्हायचा. मी त्याच्या हातांवर माझे हात दाबले होते. रक्त गरम होतं. पूल संपला. बाजार गेला. "आलं, आलं, ते बघ फाटक," मी म्हणत होते. फाटक खरंच दिसत होतं. त्याच्या बोटांतला जोर तेव्हा गेला, आणि माझ्या हातांखाली सगळं अचानक सैल झालं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची भोकं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "मैदान सात मिनिटांवर आहे. इथे यायला पन्नास मिनिटं कशी लागली?" "मोठी शीर वाचली होती," त्या हळू म्हणाल्या. "टाके घातले असते आम्ही."

सोमवारी पावोन साहेब माझ्यासाठी कॉफी घेऊन वर आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"वाईट झालं," ते म्हणाले. "आर्गेताचं नाक तीन ठिकाणी मोडलंय. मी त्याची तक्रार घेत नाही. तूही पुलाची गोष्ट काढू नकोस. नाऊनला ला सेइबितात लिही."

"तो या बाजूला मेला, साहेब. इस्पितळाच्या दारात."

"तिमाही बंद होतेय, दिल्सिया."

"तो माझा भाऊ आहे."

त्यांनी कॉफी खाली ठेवली, माझ्या मानेत हात घातला आणि माझं तोंड पडद्यावर दाबलं. नाक काचेवर चेपलं. घड्याळाचा पट्टा कानामागे रुतला. "चौदा," ते म्हणाले, आवाज न चढवता. "एकावर चार. लिही."

मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं, माझे केस नीट केल्यासारखं केलं आणि खाली गेले.

मी पडद्यावरचं रक्त पुसलं आणि एवेलिओकाकाला फोन लावला. "काका, आमची माणसं वाचून दाखवा."

तिकडून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. "वेगळ्या वहीत ठेवली आहेत. मी वाट बघत होतो." आणि त्याने वाचायला सुरुवात केली. तारीख, नाव असेल तर नाव, नाहीतर शर्टाचा रंग. एकतीस माणसं. काही नावांपुढे तो थांबून म्हणायचा, "याच्या नखांत माती होती."

"म्हणजे?"

"म्हणजे टाकला तेव्हा जिवंत होता, बाई. रांगायला बघितलं त्याने."

"असे किती?"

"सात."

सात. काकाच्या त्या फोननंतर मी गप्प बसले त्या चार आठवड्यांत त्यातले किती, ते मी मोजलं. चार. मी एकेकाला त्याच्या त्याच्या आठवड्यात परत आणून बसवलं. चौदाचे सतरा झाले, एकोणीस झाले, एका आठवड्यात एकवीस. शेवटच्या आठवड्यात मी चौदा खोडून नाऊनचा एक आणि काकाच्या वहीतले तीन मिळवले, अठरा. मग पॅकेजला पुढची तिमाही मागितली. त्याने तक्रार न करता दिली. मधली रेघ अठरा. वरची कड तेवीस.

तेवीस. माझ्या शहरात आठवड्याला तेवीस माणसं मरावीत यात नवल नाही, असा कागद मी माझ्या हाताने केला होता. आणि मला तो हवा होता, कारण तेवीसपर्यंत ही जनावरं जखमीला इस्पितळात नेतील. साहेब जेवायला गेलेले असताना मी तो राजधानीला पाठवून दिला.

दुपारी तिकडून मंजूर झाल्याचं उत्तर आलं. मागचे आकडे का बदलले, हे त्या चष्मेवाल्याने विचारलंसुद्धा नाही. पावोन साहेब कागद घेऊन वर धावत आले. मी टेबलाखाली पान्हा ठेवला होता.

"तेवीस? अगं भवाने, तेवीस?" त्यांचा हात उगारलेला होता. मग तो हवेतच थांबला. ते कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे... अठरा झाले तरी आपण पट्ट्यात."

"वीस झाले तरी."

"आणि बावीस झाले तरी!" त्यांनी हात खाली घेतला. चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. "हे आधीच नाही का करायचंस?"

कागद खाली लागला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभी राहू लागले, गाड्या येतात की नाही ते बघायला. येत होत्या. पहिल्या आठवड्यात चार जखमी आले. दोन गेले, दोन वाचले. त्यातल्या एका बाईच्या सासूने माझे हात धरून देवाचे आभार मानले, आणि मी तिथून पळाले.

दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी, पिकअप फाटकातून आत आली ती भोंगा वाजवतच. आर्गेता खाली उतरला. नाक कायमचं डावीकडे वळलेलं. मला बघून तो थबकला. मग, मास्तरांना पाटी दाखवावी तसा, म्हणाला, "आत्तापर्यंत सोळाच झालेत, ताई. तेवीसपर्यंत आहे ना? बघा, आणला." दातांच्या खिंडीतून त्याचे शब्द शिटी मारत होते.

मागे पडलेल्या माणसाच्या खांद्यावर आणि मानेवर कोयत्याचे वार होते. एक कान लोंबत होता. मी वाकून चेहरा पाहिला. मेनोर.

सात मिनिटांत आणला होता. डॉक्टरीणबाईंनी चार तास टाके घातले.

रविवारी मी त्याच्या खाटेपाशी गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नाकात नळी होती, ती भिंतीतल्या ऑक्सिजनला जोडलेली. मी ती मुठीत धरली आणि मुडपली. इतकं सोपं होतं ते. थोड्या वेळाने त्याची छाती वर वर उचलली जाऊ लागली आणि ओठ निळसर झाले. त्याने डोळे उघडले. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. एखादी नर्स असेन असं वाटून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चांगला हात चादरीवरून माझ्याकडे सरकला. त्याच्या नखांत माती नव्हती. मला नाऊन हवा होता. हा नको होता. याला मी वाचवलं होतं आणि त्याला नाही, आणि हे उलट करता येईल अशी कुठलीच आज्ञा नव्हती. रडता रडता मी मूठ उघडली.

सोमवारी याद्या आल्या. मी तिन्ही शेजारी शेजारी लावल्या, दोनदा तपासल्या, आणि सोळा लिहिले.